कच्च्या पेशी

माझी मुलगी सातव्या महिन्यात बसायला लागली आणि नवव्यात बसायची थांबली. आधी वाटलं, दात येत असतील. मग ती माझ्याकडं बघून हसेना. ओठ पांढरे पडले, बोटांची पेरं काळवंडली, आणि एके सकाळी दूध पाजताना तिचा हात थरथरू लागला तो थांबेचना.

बेलापुरातल्या दवाखान्यातून आम्हाला नगरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं आणि मला म्हणाल्या, "ताई, तुमचंही रक्त द्या."

"माझं कशाला? मला काही झालेलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं समजावून सांगितलं. बाळाच्या रक्तातल्या पेशी आकारानं वाढत होत्या, पण पक्क्या होत नव्हत्या. बऱ्याचशा कच्च्याच मरत होत्या. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व तिच्यात नव्हतं, कारण गरोदरपणी ते माझ्यातच नव्हतं. मग दुधातून तरी कुठून उतरणार?

"लोहाची एकही गोळी चुकवली नाही मी," मी म्हणाले.

"लोहानं हे भरून येत नाही. बी-बारा दूध-अंड्यांतून मिळतं. तेव्हा खाणं काय होतं तुमचं?"

घर माळकरी, म्हणून अंडं नाही. दुधाच्या वासानं मला ओकारी यायची. भाकरी, भाजी, कोरा चहा, आणि सोमवार-एकादशीचे उपास. बाकावर बसलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "उपास म्याच धरायला लावलं हुतं." त्यांच्यावर चिडावंसं वाटलं, पण जमलं नाही. मला तरी कुठं ठाऊक होतं?

इंजेक्शनं सुरू झाली. थोड्याच दिवसांत गालांवर रंग आला, पुढं थरथरही थांबली. सासूबाई आळीत सांगत सुटल्या, "पोर बरी झाली." मीही तेच धरून चालले. पण ती दोन वर्षांची झाली तरी उशी लावल्याशिवाय बसत नव्हती. शब्द एकही नाही. मी विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटून बाजूला ठेवली.

"रक्त भरून येतं, ताई. मेंदूची वाढ त्या महिन्यांत राहून गेली, ती भरून येत नाही."

आता ती सहा वर्षांची आहे. धाकट्या जावेला दिवस गेले तेव्हा मीच तिला रक्त तपासायला नेलं, रोज बी-बाराची गोळी तिच्या हातावर ठेवली. तिचा मुलगा अंगणभर पळतो, मला 'मोठी आई' म्हणून हाका मारतो. माझ्या मुलीला मी भरवते, तोंड पुसते, कूस बदलून देते. अधूनमधून नगरला नेऊन तिचं रक्त तपासून आणते. रिपोर्ट चांगलाच येतो.