उभ्या गाडीची बॅटरी

एखाद्या वस्तूला जीव लावून लावूनच तिचा जीव घ्यावा, तर तो आमच्या धाडच्या घरमालकांनी. या कलेत त्यांच्या तोडीचा माणूस मी अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात पाहिला नाही, आणि नोकरीपायी हा जिल्हा मी मलकापूरपासून बीबीपर्यंत हिंडलो आहे. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी धाडला नवा पोस्टमास्तर म्हणून आलो, माझं लग्न व्हायचं होतं, आणि यांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. खोलीच्या खिडकीसमोर छपरी होती. पूर्वी तिथे बैल बांधत. आता तिथे एक काळी, जुनी, परदेशी बनावटीची मोटार उभी होती आणि तिच्या नाकाडावर चौपदरी गोधडी पांघरलेली होती. खाली कोणीतरी आजारी माणूस निजलं असावं असं वाटून पहिल्या संध्याकाळी मी चपला हातात घेऊन तिथून गेलो.

गावात त्यांना लहानथोर सगळे ‘भाऊ’ म्हणत. तीस एकर काळीभोर जमीन, उंच अंगकाठी, पांढरं धोतर, आणि कोणत्याही विषयावरून तीन वाक्यांत बॅटरीवर यायची हातोटी. पावसाचं बोला, सरपंचाचं बोला, माझ्या पोटदुखीचं बोला, गाडी त्याच छपरीत जाऊन थांबायची. त्यांना एकच कोडं पडलेलं होतं आणि ते विचारायचं त्यांनी गावात कोणाला सोडलं नव्हतं. “चालून चालून उतरली तं समजू शकतो मास्तर. बैलही थकते. पण हे उभ्या उभ्या काऊन उतरते? कुठं नेत नाई, कोणी बसत नाई, अन् महिन्यानं पाह्यलं तं ठणठणपाळ!” या कोड्यातून त्यांनी एक तत्त्वज्ञानच काढलं होतं. उभी राहील ती वस्तू उतरणार. म्हणून ते विजेरीतले सेल रोज सकाळी काढून उन्हात ठेवत, भिंतीवरच्या बंद घड्याळाला किल्ली देत, आणि पोस्टात मी रिकामा बसलेला दिसलो की कळवळून म्हणत, “मास्तर, हालत राहा बाप्पा!”

हा ध्यास उगाच लागलेला नव्हता, हे मला गावानेच सांगितलं. भाऊंना एकच मुलगी, शांता. तिचं लग्न मलकापुरातल्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या हिशेबनिसाशी ठरलं, तेव्हा आपली लेक आपल्या मोटारीतून सासरी जाईल असं भाऊंनी जाहीर केलं आणि कोण्या निवृत्त साहेबाची ही गाडी विकत आणली. लग्नाआधी महिनाभर ती मांडवाशेजारी उभी होती. तिला झेंडूच्या माळा घातल्या, आरशाला नारळ बांधला, चाकांना हळदकुंकू लावलं. चालवून मात्र कोणी पाहिली नाही, नवीच्या नवी राहावी म्हणून. पाठवणीच्या वेळी शांता डोळे पुसत मागे बसली, जावईबुवा शेजारी बसले, बँड वाजायला लागला आणि भाऊंनी किल्ली फिरवली. गाडी ‘टक्’ एवढंच बोलली. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. बँडवाल्यांनी तेच गाणं चारदा वाजवलं. हँडल मारायची सोय होती, पण त्या हँडलने उलटा झटका देऊन भाऊंच्या मनगटाला आठच दिवसांपूर्वी पट्टी बांधायला लावली होती. कोणी म्हणालं, ढकला. भाऊ कडाडले, “माही पोरगी ढकलगाडीत जाणार नाई!” तेव्हा जावईबुवा, बावीस-तेवीस वर्षांचे, लग्नाच्या आनंदात असलेले, हसून म्हणाले, “मामाजी, उभी राहू राहू थकली असन गाडी.” सगळं वऱ्हाड हसलं. भाऊ हसले नाहीत. वऱ्हाडाच्या जीपमध्ये लेकीला बसवताना त्यांनी भर मांडवात सांगितलं, “आता याच गाडीनं येईन तिले घ्यायले. तवरोक तुमच्या दारात पाय ठेवणार नाई.”

आमच्याकडे लेक सासरहून माहेरी येते ती कोणीतरी घ्यायला गेल्यावर. पहिल्या दिवाळीला तर मुराळी गेलाच पाहिजे, मग तो भाऊ असो, बाप असो, चुलता असो. एकटी पिशवी उचलून निघाली तर दोन्ही घरांची शोभा. शांताला भाऊ नव्हता, चुलता नव्हता. होता तो बाप, आणि बाप गाडीच्या शब्दात अडकलेला. एस.टी. रोज दारावरून जायची, पण एस.टी.ने गेले तर शब्द मोडतो. पहिली दिवाळी अशीच गेली. दुसरी गेली. दर दिवाळीच्या आधी शांताचं कार्ड यायचं. उघड्या कार्डावरचा मजकूर पोस्टमास्तरने वाचू नये हे मला ठाऊक होतं, पण गावातलं निम्मं टपाल मीच लोकांना वाचून दाखवायचो, डोळ्यांना कोण आवरणार? ‘बाबा, घ्यायला केव्हा येता?’ एवढंच असे. भाऊंचं उत्तरही ठरलेलं असे. ‘गाडी तयार होऊन राहिली आहे. काळजी नसावी.’

आणि गाडी तयार करण्यात त्यांनी काही म्हणता काही कमी केलं नाही. रोज पहाटे उठून ते छपरीत जात, गोधडी काढत, बॅटरीला नमस्कार करत आणि गाडी चालू करत. बरोबर पाच मिनिटं ती जागच्या जागी घुरघुरायची. माझी खोली धुराने भरायची आणि मी खोकत खोकत जागा व्हायचो. मग गाडी बंद, गोधडी पुन्हा वर. रस्त्यावर मात्र ते तिला काढत नसत, जावयाच्या दारात बंद पडली तर म्हणून. “पाच मिंट जीव घातला का दिवसभर तरतरीत राह्यते,” ते म्हणायचे. बॅटरीला विहिरीचं पाणी चालत नाही असं कोणीतरी सांगितलेलं, म्हणून चुलीवरच्या पातेल्यावर झाकण धरून ते वाफेचं पाणी थेंब थेंब बाटलीत जमवत. भाऊंच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, स्वयंपाकघरात एकही झाकण जागेवर नसे. “माह्या पोरीले आणा म्हणते तं हे पाणी उकळून राह्यले,” काकू मला सांगायच्या आणि पदराने डोळे पुसायच्या. चुलीच्या धुराने, असं म्हणायच्या.

इतकं करूनही महिना-दोन महिन्यांत बॅटरी बसायचीच. मग ती काढून, टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन भाऊ एस.टी.ने बुलढाण्याला चार्जिंगला जात. एकदा मीही बरोबर होतो. शेजारच्या म्हातारीने त्या गाठोड्याकडे मायेने पाहत विचारलं, “लेकरू केवढं हाय, भाऊ?” भाऊ गंभीरपणे म्हणाले, “दोन वर्साचं हाय माय, पण अंगी कायीच लागत नाई.” म्हातारीने तिथल्या तिथे त्याला दृष्ट काढायचा उपाय सांगितला आणि भाऊंनी तो मन लावून ऐकून घेतला.

तिसऱ्या दिवाळीला पंधरा दिवस होते तेव्हा शांताचं कार्ड आलं. मी ते वाचलं आणि बराच वेळ शिक्का मारायचं विसरलो. ‘बाबा, यंदा आला नाहीत तर पुन्हा मी विचारणार नाही.’ भाऊ टपालाच्या वेळेला रोज यायचे तसे आले. कार्ड वाचून त्यांनी ते खिशात ठेवलं, खिशातून काढलं, पुन्हा वाचलं. त्याच आठवड्यात बॅटरी बसलेली होती. त्या माणसाचा चेहरा मला पाहवेना. मी म्हणालो, “भाऊ, एस.टी.ने जा. मी येतो बरोबर.” ते म्हणाले, “अन् तो पोरगा पुन्हा हासला तं?”

दुसऱ्या दिवशी बॅटरी मांडीवर घेऊन आम्ही बुलढाण्याला गेलो. नेहमीचा चार्जिंगवाला आजारी होता म्हणून स्टँडमागच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने बॅटरी पाहिली आणि विचारलं, गाडी कितना चलाते? भाऊंनी अभिमानाने आपला सगळा नेम सांगितला. रोज पहाटे, पाच मिनिटं, एक दिवस खाडा नाही. मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. “भाऊसाब, ये क्या करते तुम? स्टार्ट करने में जितना जाता, पाँच मिनट खडे खडे में उतना वापस नहीं आता. डायनामो तो गाडी दौडी तब देता. तुम रोज उसको नींद से उठाते, और खिलाते कुछ नहीं. खडी-खडी उतरती थोडी, तुमने ज्यादा उतारी.”

भाऊ शेजारच्या टायरवर बसले. “म्हणजे मीच?” त्यांनी मला विचारलं. दोन वर्षांच्या पहाटा त्यांच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात. मिस्त्रीलाही वाईट वाटलं असावं, त्याने चहा मागवला. “औषध सोपं है,” तो म्हणाला. “चार्ज करके देता. फिर उठाओ और चालीस मील एक दम में चलाओ. धाड से चालीस मील पे क्या है?”

धाडपासून चाळीस मैलांवर मलकापूर आहे.

धनतेरसच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. काकूंनी चाकाखाली लिंबू ठेवलं. भाऊंनी आयुष्यात एवढी लांब गाडी चालवलेली नव्हती. बुलढाण्यापर्यंत त्यांनी गिअर बदलला तो माझ्या आठवणीत तीनदा. राजूरचा घाट उतरताना ते मोठमोठ्याने मारुतीचं नाव घेत होते आणि मी मनातल्या मनात. मोताळा मागे पडलं. मलकापुरात कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढत लेकीच्या दारापुढे पोचलो, तेव्हा त्यांनी गाडी थांबवली पण बंद करेनात. “मास्तर, तुमी जा, तिले बोलवा. मी बसतो चालू ठेवून.”

शांताच बाहेर आली. हाताला पीठ लागलेलं. बापाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. “बाबा, बंद करा अन् आत या.”

“बंद केली अन् मंग लागली नाई तं?”

“नाई लागली तं राहान इथंच,” ती म्हणाली. “दोन वर्सं झाले, बाबा.”

मी भाऊंच्या हाताकडे पाहत होतो. तो किल्लीवरच होता. मग त्यांनी ती फिरवली आणि गाडी शांत झाली. शेतीवाडीच्या कज्ज्यात, पंचायतीच्या भांडणात हा माणूस कधी मागे हटला नव्हता. त्या दिवशी हटला, आणि मला तो कधी नव्हे इतका मोठा दिसला.

नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं खायचं नाही म्हणून भाऊ पाण्यावर राहिले. दोघांच्या वाटणीचे करंजी-अनारसे मी खाल्ले. जावईबुवा जिनिंगमधून आले, मामाजींच्या पाया पडले. निघताना गल्लीतली माणसं ओट्यांवर येऊन उभी राहिली. भाऊंनी खिशातून किल्ली काढली आणि एकदम जावयापुढे धरली. “तुमीच लावा, जावईबापू.”

जावयाने किल्ली घेतली. “मामाजी, त्या दिवशी मी हासायले नोको होतं.”

“हासा ना,” भाऊ म्हणाले. “गाडी हासण्यासारखीच होती.”

गाडी पहिल्या फिरवणीला लागली. जावयाने उतरून भाऊंना जागा दिली, शांता मागे बसली. 

परतीच्या वाटेवर मला वाटलं, दोन वर्षांचं साठलेलं सगळं आता निघेल. भाऊंनी लेकीला तीनच गोष्टी विचारल्या: नळाला पाणी येतं का, जेवायला वेळेवर बसते का, आणि त्या गल्लीत डास आहेत का. तिने तिन्हींना हो म्हटलं. घाट चढून वर आलो तेव्हा मागे वळून पाहिलं तर ती झोपली होती, खिडकीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं. भाऊंनी आरशात पाहिलं आणि गाडी इतकी हळू केली की दोन बैलगाड्या आम्हाला ओलांडून गेल्या. मी म्हणालो, “भाऊ, मिस्त्री पळवा म्हणाला होता.” त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

वर्षभरात माझी बदली झाली. पुढे भाऊ गेल्याचं कार्ड शांतानेच लिहिलं, आणि गाडी कोणी नेली हे मी विचारलं नाही. माणसाने आपलं चुकलं हे कळल्यावर इतकं सरळ वागावं, हे मला त्यांच्यानंतर फारसं कुठे दिसलं नाही, आणि मलाही ते जमलेलं नाही. पण त्यांची आठवण येते ती त्या संध्याकाळची. गाडी दारापुढे येऊन थांबली होती. काकू भाकरतुकडा घेऊन धावत आल्या. मी उतरून मागचं दार उघडायला गेलो, तर भाऊंनी हाताने थांबवलं. काकूंनाही खूण केली.

“राहू द्या जरा,” ते हळूच म्हणाले. “उठन तिच्या मनानं.”

मग आम्ही तिघं, एकजण आत आणि दोघं बाहेर, तिच्या उठण्याची वाट पाहत राहिलो.