उजेड दिसला की नापास

"गुरुजी, फोरमनसाहेब गेले," सायकलवरून आलेल्या माणसानं शाळेच्या दारातूनच सांगितलं. मी फळ्यावर त्रैराशिक मांडत होतो. मागं न वळताच विचारलं, "पुण्याला का? परत कधी येणार?" त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. वळून ते पाहिलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला... सकाळी आंघोळीचं पाणी काढलं, "जरा टेकतो" म्हणाले, आणि भिंतीला टेकले ते टेकलेच. आज पाच आठवडे झाले, पण माझ्या तोंडून निघालेला तो मूर्ख प्रश्न अजून माझ्याच कानात वाजतोय. परत कधी येणार म्हणे!

दत्तोबा मिस्त्री हे पिंपरीजवळच्या एका छोट्या वर्कशॉपातले फोरमन. तरुणपणी रेल्वेच्या कारखान्यात हात काळे केलेले. आमची ओळख भांडणातूनच झाली. दोन वर्षांपूर्वी ते तरातरा तळवड्याला आमच्या शाळेत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मास्तर, तुमची दोन पोरं सातवी पास होऊन आमच्या फाटकाशी आली. काय येतं विचारलं, तर म्हणतात, काय बी करू! अहो, 'काय बी करू' हे काय कामाचं नाव झालं?" मी भडकलो. शाळेचा हेडमास्तर मी, मला कुणी असं बोलावं? "मग काय शिकवायला हवं होतं?" मी आवाज चढवला. ते एकदम मऊ झाले. "पोरांची चूक न्हाई हो. तुम्ही तरी कारखाना आतून बघितलाय का?"

मी नव्हता बघितला. आमच्या आजूबाजूला एकेक जमीन कारखान्याखाली जात होती. त्या जमिनीवर पोटं भरणाऱ्या घरांतली पोरं मी रोज पुढ्यात घेऊन बसत होतो, आणि फिटर म्हणजे काय, टर्नर म्हणजे काय, हे मलाच ठाऊक नव्हतं. सातवीनंतर ही पोरं फाटकाशी जाणार, आणि नाव सांगता येईल असं काम हाती नसेल तर जन्मभर ओझी उचलणार. दत्तोबांना खंत होती ती हीच.

म्हणून त्यांनी मास्तरांची शाळा काढली. दर रविवारी, वर्कशॉप बंद असताना, मालकाची परवानगी घेऊन. आसपासच्या गावांतले आम्ही सात मास्तर, धोतराचे सोगे खोचून, हातात कानस धरून उभे! लोखंडाचा विड्याएवढा तुकडा घासून सपाट करायचा, एवढंच काम. हात्तिच्या, म्हटलं मी. तासभर घासला. तळहाताला फोड आले. दत्तोबांनी तुकड्यावर गुण्या, म्हणजे ती काटकोनी पट्टी, उभी धरली आणि तुकडा खिडकीकडे नेला. कडेनं उजेडाची फट दिसत होती. "मास्तर, तुमच्या लोखंडाला पोट सुटलंय!" सगळे खो खो हसले. नवख्या हातांनी घासलं की तुकडा मधे फुगीर राहतो, दोन्ही कडा मात्र झिजतात. "आमच्याकडं उलटं असतं," ते म्हणाले. "उजेड दिसला की नापास."

बाकीचे हळूहळू पास झाले. त्यांच्या वर्गांना दत्तोबा स्वतः आत घेऊन गेले, कारागिरांशी बोलायला लावलं, एकेका पोराला एकेका यंत्रापाशी उभं केलं. माझा तुकडा काही सपाट होईना. "तुमचा तुकडा पास झाला, की तुमची सातवी आत," असं ते म्हणाले होते. हसत म्हणाले होते हो! पण मला ते झोंबलं. मी रविवारी जाणं बंद केलं. वर्गातली मंजुळा अधूनमधून विचारायची, "गुरुजी, तुमचं लोखंड झालं का?" मी तिच्यावर खेकसायचो. पिंपरीच्या बाजारात एकदा दत्तोबा भाजीची पिशवी घेऊन समोरून येताना दिसले, तर मी चक्क दुसऱ्या गल्लीत शिरलो. त्यांनी मला पाहिलं होतं, हे नंतर त्यांच्या घरी कळलं. दोन दिवसांनी ते गेले... शेवटचं दर्शन म्हणून माझ्याकडं काय आहे? एक पाठ. तीसुद्धा त्यांना दिसलेली, माझी!

तेराव्यानंतर त्यांच्या घरी भेटायला गेलो. वहिनींनी एक कापडात गुंडाळलेला गुण्या पुढं ठेवला. "हा तुमच्यासाठी काढून ठेवला होता. म्हणायचे, मास्तर रागीट हाय, पण येतील." कापडाच्या घडीत एक कागद होता. तळवड्याच्या सातवीला कारखाना दाखवण्याची परवानगी. मालकाची सही, शिक्का, सगळं. तारखेची जागा तेवढी कोरी. "हे कधीचं?" मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही यायचं बंद केलंत ना, त्याच आठवड्यातलं."

म्हणजे तुकडा पास व्हायची अट कुठं होतीच नाही. ते फक्त माझी वाट बघत होते, तारीख टाकायला. आणि मी माझं नाक वर करून सहा महिने वीस पोरांची वाट अडवून बसलो होतो. रडूसुद्धा येईना, राव.

गेल्या आठवड्यात त्या कागदावर मीच तारीख घातली आणि पोरांना घेऊन गेलो. मंजुळा एका यंत्रापुढून हलेना. घरी परतताना म्हणाली, "गुरुजी, मला हे मापं घ्यायचं काम शिकायचंय." 'काय बी' नाही म्हणाली.

वर्कशॉपातून आणलेला माझा तुकडा आता टेबलावर असतो. रोज शाळा सुटायच्या आधी मी तो दहा मिनिटं घासतो. मग मंजुळा गुण्या लावून तो खिडकीशी धरते, एक डोळा मिटते, आणि सगळा वर्ग श्वास रोखून बघत राहतो. कालही तिनं नीट निरखून पाहिलं आणि ओरडली, "दिसतोय गुरुजी, अजून उजेड दिसतोय!"