कुकरात शिजवलेले खडे

निवृत्त होऊन तीन महिने उलटले तरी वाफवाल्यांना पहाटे साडेपाचला जाग यायची, आणि जाग आल्यावर घरात निर्जंतुक करण्यासारखं काही उरलेलं नसायचं.

मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात त्यांनी एकतीस वर्षं शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेखाली घातली. चिमटे, कात्र्या, कापडं सगळं पोलादी यंत्रात जायचं, दार आवळलं जायचं, आणि ठरलेल्या दाबाखाली ठरलेली मिनिटं काढून बाहेर यायचं तेव्हा त्यावर एकही जंतू जिवंत नसायचा. डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळे त्यांना वाफवाले म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथे ते सुखरूप होतं.

घरी बसल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत त्यांनी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवली, ओटा पुसायचं फडकं दिवसातून दोनदा उकळलं, आणि डाव शेवटचा किती वाजता धुतला हे बायकोला विचारलं. चौथ्या आठवड्यात बायकोने आपल्या धाकट्या भावाला फोन केला. भावाचं हमरस्त्यावर नळ आणि पाइपांचं दुकान होतं.

"दाजी, दुकानात या," मेहुणा म्हणाला. "माझ्याकडे काउंटरला माणूस टिकत नाही, आणि तुमच्यापुढे घर टिकत नाही."

वाफवाल्यांना ही जन्मठेप वाटली. तीन दशकं त्यांचं सगळं बोलणं एका यंत्राशी झालं होतं, आणि ते यंत्रही फक्त सुस्कारे टाकायचं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या तोंडाला तोंड देणं त्यांच्या पचनी पडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी निरोपसमारंभात मिळालेला, तोवर कपाटावर पडून असलेला खोका काढला.

खोक्यात काचेची टाकी, छोटा पंप, टाकीवर ठेवायचा ट्रे, भाजलेल्या मातीच्या गोल खड्यांची पिशवी आणि सोळा पानांची पुस्तिका होती. खाली मासे, वर रोपं. माशांचं पाणी पंपाने वर चढायचं, खड्यांतून झिरपत पुन्हा खाली यायचं, आणि माशांच्या घाणीवर रोपं पोसली जायची. माती नको, खत नको. वाफवाल्यांनी सहा गोल्डफिश आणले, लेट्यूस आणि पुदिना लावला आणि मेहुण्याशी करार केला. तीन महिन्यांनी येणाऱ्या एक तारखेच्या आत बाल्कनीतून वाटीभर पानं निघाली तर दुकानाचं नाव कोणी काढायचं नाही. नाही निघाली तर ते सकाळी नऊला काउंटरवर हजर. बायको साक्षीदार होती. ती अगदी निःपक्षपातीपणे दुकान जिंकायची वाट पाहत होती.

आता बावीस दिवस उरले होते. लेट्यूसच्या प्रत्येक रोपाला चार पानं होती, अंगठ्याच्या नखाएवढी आणि पिवळट. गेल्या महिन्यातही चारच होती. पुदिना काडीसारखा उंच होऊन कुठेतरी निघून जायच्या बेतात असल्यासारखा वाकला होता.

वाफवाल्यांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? ट्रे खिडकीकडे सरकवला, मग भिंतीकडे, मग परत खिडकीकडे. त्यावर टेबललॅम्प उभा केला. पंप चार वेळा उघडला आणि चार वेळा तो ठणठणीत निघाला. रोज सकाळी पट्टीने पानं मोजली आणि वेळ, तापमान, लांबी असे रकाने आखून वहीत उतरवली. लांबीच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहून त्यांचा हात दुखला. काचेच्या नळीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले की अमोनियाची नळी हिरवीगार व्हायची, म्हणजे माशांच्या जिवाला घोर. मग ते घाईघाईने अर्धं पाणी बदलायचे. नायट्रेटची नळी मात्र पिवळी ती पिवळीच. याचा अर्थ रोपांना खायला काही नाही, असं पुस्तिका म्हणत होती. मासे जेवत होते, घाण करत होते, तरी रोपं उपाशी. मधे कोणीतरी हात मारत होतं. वाफवाल्यांच्या मते ही संसर्गाची उघड केस होती, आणि संसर्गावर इलाज त्यांना ठाऊक होता. खडे आधी ते दर रविवारी साफ करायचे. आता दिवसाआड करू लागले.

"अहो, कुकर कुठाय?" बायकोने विचारलं.

"गॅसवर आहे."

"काय लावलंय?"

"खडे."

तिने गॅसकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "किती शिट्ट्या?"

"शिट्ट्यांवर मोजत नाही मी. वीस मिनिटं, एकसारखा दाब."

"मऊ झाले की सांगा. मीठ घालते."

त्याच संध्याकाळी मेहुणा सहज म्हणून आला आणि सरळ बाल्कनीत गेला. कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिला. "दाजी, ही रोपं आहेत की रोपांचा फोटो?"

दुसऱ्या दिवशी वाफवाल्यांनी एक खडा आणि थोडं पाणी उकळलेल्या बाटल्यांत भरलं आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नेऊन दिलं. तिथल्या मॅडम वर्षानुवर्षं त्यांच्या यंत्रातल्या हत्यारांची जंतूंसाठी तपासणी करत आल्या होत्या. तीन दिवसांनी बोलावणं आलं. बाकावर बसल्या बसल्या वाफवाल्यांचा पाय असा हलत होता, की शेजारचा रुग्ण उठून दुसऱ्या बाकावर गेला.

"वाफवाले, खड्यावर काहीसुद्धा सापडलं नाही," मॅडम त्यांना आत बसवून म्हणाल्या.

सवयीने त्यांची पाठ ताठ झाली. "काहीसुद्धा?"

"नाही. पाण्यात किरकोळ आहे, पण खडा तुमच्या कात्र्यांसारखा. याला घरी करता काय तुम्ही?"

त्यांनी सांगितलं. कुकर, वीस मिनिटं, दिवसाआड. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माशांची घाण रोपांना तशीच नाही खाता येत. मधे आचारी लागतो. ते आचारी म्हणजे जंतू, आणि ते राहतात या खड्यांवर. एक जात घाणीवर पहिला हात फिरवते, दुसरी जात त्याचं रोपांना पचेल असं करते. त्यांना बस्तान बसवायला चार-पाच आठवडे लागतात. आणि तुम्ही दर दोन दिवसांनी त्यांना..." जुन्या ओळखीचा मान राखून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"पुस्तिकेत लिहिलंय, खडे स्वच्छ धुऊन घ्या."

"एकदा, वाफवाले. सुरुवातीला. नळाखाली. धूळ जावी म्हणून."

स्वच्छ या शब्दाचा अर्थ इतका माफक असू शकतो, हे वाफवाल्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"मग आता काय करू?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. माशांना खाणं कमी घाला. पाणी एक दिवस भरून ठेवलेलं वापरा आणि थोडंच बदला. खड्यांना हात लावायचा नाही. बुळबुळीत झाले तर फारच छान. पाच आठवडे."

एक तारखेला अठरा दिवस होते. हा हिशेब वाफवाल्यांनी खुर्चीवरून उठायच्या आत केला. मॅडमनी विरजण म्हणून बाहेरच्या प्रतीक्षाकक्षातल्या मत्स्यपेटीतले मूठभर खडे पिशवीत घालून दिले. ते तपकिरी होते आणि त्यांच्यावर साय धरली होती. त्या पेटीविरुद्ध वाफवाल्यांनी नोकरीत असताना दोन लेखी तक्रारी केल्या होत्या. बसमध्ये त्यांनी ती पिशवी सगळा रस्ता अंगापासून हातभर लांब धरली.

खडे आत गेले. पहिल्या दिवशी ते पाठीमागे हात बांधून टाकीपाशी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुकर काढला, पण त्याच्या झाकणाची रिंग बायकोने आपल्या पर्समध्ये ठेवली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या कात्र्या उकळल्या. त्या दोनच होत्या. चौथ्या दिवशी दुपारी त्यांच्या लक्षात आलं, की आपण मोरीत उभे आहोत, नळ सुरू आहे आणि आपल्या ओंजळीत खडे आहेत. तिथे कधी आलो हे त्यांना आठवेना.

त्यांनी नळ बंद केला. खडे एकेक करून ट्रेमध्ये ठेवले, पुसायची इच्छा गिळली आणि मेहुण्याला फोन लावला.

"उद्यापासून येऊ का?"

"एक तारखेला पंधरा दिवस आहेत अजून, दाजी."

"माहीत आहे. पण एक अट आहे. नऊ ते सात. मधे घरी सोडायचं नाही. मी कितीही मागे लागलो तरी."

मेहुण्याच्या धंद्यात अशी अट घालणारा माणूस आजवर आला नव्हता. तो जरा घाबरलाच.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत वाफवाल्यांनी दुकानातले सगळे वॉशर आकाराप्रमाणे लावले. दुसऱ्या दिवशी ठिबकणारा नळ घेऊन एक बाई आली, तिला त्यांनी रबर दाबाखाली कसं वागतं हे पंधरा मिनिटं समजावलं. ती ऐकत राहिली, कारण तिला आजवर सगळ्यांनी नवा नळच घ्यायला सांगितलं होतं. पण अकराच्या आणि चारच्या ठोक्याला ते फोनपाशी जायचे.

"रंग?"

"तपकिरी," बायको म्हणायची.

"वास?"

"येतोय."

"कसला?"

"तळ्याकाठचा. तुम्ही उभ्या जन्मात येऊ दिला नसता असा."

त्यांचा उजवा हात आपोआप काउंटर घासू लागायचा. "हात लावू नकोस हं."

"मी कशाला लावू? त्या उकळत्या फडक्यापेक्षा हा वास परवडला."

एक तारीख आली आणि गेली. हरलेला माणूस आधीच काउंटरवर बसलेला असल्यामुळे करार कोणी काढला नाही. मेहुण्याने मात्र आजूबाजूच्या तीन दुकानांत सांगितलं, की घरी बसून गंजलेला माणूस आपण कसा कामाला लावला.

पाचव्या आठवड्यात चारचा फोन बायकोनेच केला. नळीत थेंब टाकायला ती एव्हाना शिकली होती.

"नारिंगी झाली तुमची ती पिवळी नळी. आणि लेट्यूसला पाचवं पान फुटलंय. सहावंही येतंय."

"केवढं?"

"मोजलं नाही."

पट्टी कोणत्या खणात आहे हे वाफवाल्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते मागे घेतलं.

"पंधरा दिवसांत वाटीभर होईल," बायको म्हणाली. तिचा आवाज जरा मऊ झाला होता. "तारीख हुकली म्हणून काय झालं? यायचं असेल तर या घरी. भावाला मी सांगते. तुमची बाल्कनी आहे, तुमचे मासे आहेत."

वाफवाल्यांच्या डोळ्यांपुढे तो ट्रे आला. उघडा, तपकिरी, बुळबुळीत, नळापासून सहा पावलांवर. आणि सबंध दुपार.

"वाटीभर होऊ दे आधी," ते म्हणाले.

"आणि मग?"

"मग पुन्हा लावायची ना नवी रोपं. त्यांनाही वेळ लागेलच. गिऱ्हाईक आलंय, ठेवतो."

दुकानात कोणी नव्हतं. त्यांनी नीट लावलेल्या वॉशरांचा डबा खाली घेतला, काउंटरवर पालथा केला आणि पहिल्यापासून लावायला सुरुवात केली.