सुधन्वाची चेष्टा

गुरुवार असूनही वृंदाचं पोथीत लक्ष लागेना. एकच ओवी तिसऱ्यांदा वाचली, तरी डोळे फोनकडेच. शेवटी देवाची क्षमा मागून तिने पोथी मिटली आणि नोएडाच्या त्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालू लागली.

कारण सुधन्वा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी वृंदा सांगलीहून दिल्लीला शिकायला आली, मुनिरक्यात खोली घेऊन राहिली. सुधन्वा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला. घर मराठी, पण जीभ निम्मी हिंदी. दोघांचं जमलं, पण लग्नाचं विचारायची वेळ आली, तेव्हा वृंदाच्या वडिलांसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. वृंदाने वर्षभर वाट पाहिली, मग दिनकरशी लग्न केलं. दिनकर भला माणूस. त्याच्याशी तिने मनापासून संसार केला. तो जाऊन सहा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात मराठी मंडळाच्या सत्यनारायणाला सुधन्वा भेटला. केस पिकलेले, घटस्फोट झालेला. प्रसादाचा द्रोण हातात धरून दोघं तासभर बोलत उभे. तेव्हापासून वृंदा आरशापुढे जरा जास्तच रेंगाळायची, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

आज सकाळी त्याचा मेसेज आला : 'तेव्हा आपलं जे राहिलं, त्याची पुन्हा एकदा चेष्टा करायची आहे. रागावू नकोस.'

तिच्या अंगाची लाही लाही झाली. पुन्हा एकदा! म्हणजे पहिल्यांदा केली, हे तरी कबूल! तिने तडक लिहिलं, 'चेष्टा पुरे झाली.' लगेच उत्तर : 'समजलो. आता त्रास देणार नाही.'

इतकं मुकाट कसं ऐकलं याने? हेच तिला सकाळपासून कुरतडत होतं. आमटीत दोनदा मीठ पडलं.

घरूनच ऑफिसचं काम करणारी अनुष्का हेडफोन उतरवून बाहेर आली. "आई, किती चकरा मारशील? झालंय काय?"

वृंदाने फोनच लेकीपुढे धरला.

"हाऊ स्वीट! ट्राय करू म्हणतायत."

"ट्राय? अगं, चेष्टा म्हणजे थट्टा!"

"तुमच्या सांगलीत! हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. कोशिश लिहिलं तर तू नाक मुरडशील, म्हणून बिचाऱ्यांनी शुद्ध शब्द शोधला यार." अनुष्का हसता हसता थांबली. "आणि तू लिहिलंस, प्रयत्न पुरे झाले?"

वृंदा मटकन खुर्चीत बसली. मग हळूच म्हणाली, "तुला चालेल?"

"बाबांना विसर असं कोण म्हणतंय? लाव फोन."

पहिल्याच रिंगला त्याने उचलला. "वृंदा?"

"चेष्टा म्हणजे काय रे?"

"प्रयत्न. का, चूक लिहिलं?"

"घोडचूक! मराठीत टिंगल होते ती."

पलीकडून घाबरा आवाज, "अरे देवा. मग तुझं ते 'पुरे'?"

"टिंगल पुरे, असं होतं ते." वृंदा खुर्चीतून उठली. "रविवारी जेवायला ये. अनुष्का असेल. पण लिहून काही पाठवू नकोस. जे असेल ते माझ्या लेकीसमोर तोंडाने बोल."

"मराठी चुकेल."

"चुकू दे. गप्प बसलास, तर मात्र दार पुन्हा उघडणार नाही."