मालकांच्या भट्टीला साष्टांग नमस्कार

माझ्या जुन्या मालकांनी मला कामावरून काढलं आणि उद्यमनगरातल्या प्रत्येक चहाच्या गाड्यावर एकच गोष्ट पसरवली. "काच फुंकायला शिकलंय बेनं, पर निववायला न्हाय येत. त्याचं भांडं गिऱ्हाइकाच्या हातात फुटणार बघा."

वाईट एवढंच, की ते खरं होतं. आम्ही कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी चंबू आणि नळ्या करायचो. गरम काच घाईनं गार झाली की आज ना उद्या तडकते. ती भट्टीत सावकाश निववावी लागते. मालकांनी ती विजेची भट्टी स्वतः बांधलेली, कुलपात ठेवलेली. मी घरामागच्या शेडमध्ये बर्नर जुळवला, भाता बसवला. पण भट्टीवाचून माझं प्रत्येक भांडं मालकांचा शब्द खरा करत होतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळी यंत्रं बंद, धुतलेली, झेंडूच्या माळा घातलेली. दर्शनाला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायची कुणाची छाती नाही. पांढरीशुभ्र टोपी घालून, नारळ घेऊन मी हजर झालो. मालकांचा चेहरा एरंडेल प्याल्यासारखा.

भट्टीपुढे साष्टांग आडवा झालो. तिची लांबी भरली माझ्या कपाळापासून गुडघ्यापर्यंत. उठताना वितीनं उंची घेतली. नारळ आत ठेवायच्या निमित्तानं खांद्यापर्यंत हात घातला, विटांची जाडी चाचपली आणि तापणाऱ्या तारेचे वेढे मंत्र पुटपुटावा तसे मोजले.

"बघा की, काढून टाकलं तरी भक्ती गेली न्हाय," मालकीणबाई गहिवरल्या.

"लई झाली भक्ती," मालक म्हणाले. "प्रसाद घे आन् नीघ."

मी प्रसाद दोनदा घेतला.

मालकांच्या भिडेनं उद्यमनगरात कुणी मला पत्रासुद्धा कापून देईना. शिरोलीच्या एका फौंड्रीनं टाकून दिलेल्या भट्टीच्या विटा सायकलवरून आणल्या, सांगाडाही तिकडंच वेल्डिंग करून घेतला, विटांत खाचा कोरून तार बसवली. माझी काच तडकायची थांबली. कॉलेजं माझ्याकडं वळू लागली.

पुढं एका परीक्षेच्या तोंडावर मालकांच्या भट्टीची तार जळाली. माझी सोडली तर दुसरी भट्टी थेट पुण्यात. भाताच्या पिंजरात गुंडाळलेले चंबू घेऊन ते स्वतः माझ्या दारात आले. मी भट्टी उघडली. ते बघतच राहिले.

"ह्ये दार उलटं का उघडतंय?"

"तुमचंबी तसंच उघडतंय की. तुम्ही डावरे, मालक. मी काय करणार?"

मालकांनी एकेक चंबू माझ्या हातात दिला. चंबू आत गेले.

"बसा," मी स्टूल पुढं केलं. "निवायला वेळ लागतो."

मग चहा सांगितला. शेजारच्या सगळ्या वर्कशॉपवाल्यांनाही हाक मारून बोलावलं. मालक माझ्या भट्टीपुढं बसलेत, हे बघायला माणसं नकोत का?