शंकर-पार्वतीच्या पाठीमागचा दाखला

घर आवरण्याचा आराखडा करायला मला चार दिवस लागले, आणि मुलीचं कॉलेज घालवायला एक सकाळ पुरली.

फुलचूरला आमचं तीन खोल्यांचं घर आहे. त्यात मी, बायको वनिता, मुलगी प्राची, माझी आई आणि गेल्या तीस वर्षांत ‘राहू दे, कामी येईल’ म्हणून ठेवलेलं सगळं सामान. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे आराखडा म्हटला की नकाशा आलाच. मी घराचा नकाशा काढला. ठेवायचं ते हिरवं, कुणाला द्यायचं ते निळं आणि टाकायचं ते लाल. आई आठवड्यासाठी माझ्या बहिणीकडे आमगावला गेली, तोच मुहूर्त धरला. (आई घरात असली की रिकामा डबासुद्धा बाहेर काढता येत नाही. नुसत्या आवाजावरून तिला कळतं कोणता डबा हलला ते.)

आईच्या खोलीत शंकर-पार्वतीचा जुना फोटो होता. काच तडकलेली, फ्रेम खिळखिळी, आणि रंग इतका उडालेला की नंदी कुठे संपतो आणि पार्वती कुठे सुरू होते ते अंदाजानेच ठरवावं लागे. मी त्याला लाल केलं. देवाचा फोटो भंगारात देत नाहीत, एवढं मला कळतं. म्हणून रविवारी सकाळी तो स्कूटरवर ठेवून जवळच्या नागऱ्याला नेला. शंकराच्या देवळाजवळ एका पिंपळाखाली लोक असे जुने फोटो आणून ठेवतात. मीही ठेवला, हात जोडले आणि आपण किती रीतसर वागतो याचं कौतुक करत घरी आलो.

दुपारी दोनला आई परत आली. यायचं कारणही होतं. सोमवारी प्राचीच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचे कागद दाखवायचे होते, आणि तो शेवटचा दिवस होता. सगळ्या झेरॉक्स फाईलला लागल्या होत्या. फक्त माझ्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मूळ हवा होता, आणि तो आईकडे होता. ‘मीनं ठेवला आहे बराबर जागी, रविवारी येऊन देईन,’ असं ती फोनवर म्हणाली होती.

आईने पाय धुतले आणि खोलीत गेली. लगेच आतून तिची हाक आली.

“वसंता, फोटू कुठी गेला गा?”

मी आराखडा समजावून सांगू लागलो. लाल रंगापर्यंत पोचलो, तेवढ्यात आई खाटेवर बसली.

“अन् दाखला?”

“कोणता दाखला?”

“फोटूच्या मांगं ठेवला होता ना. पेटीतले कागद उधईनं खाल्ले तवापासून तठीच ठेवतो. देवाच्या मांगं उधई लागत नाही, अन् तुया हातही लागत नाही म्हणून.”

प्राची दारात उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही, माझ्याकडे नुसती बघत राहिली. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलांकडे मी तीस वर्षं तसाच बघत आलो आहे. ते किती वाईट वाटतं हे मला त्या दिवशी कळलं.

“अहो, किल्ली घ्या स्कूटरची,” वनिता म्हणाली. “बाकीचं तुम्ही आल्यावर बोलू.”

प्राचीला मागे बसवून मी निघालो. रस्ताभर ती एकच वाक्य बोलली. “बाबा, तिथे नसला तर?” मी ऐकू न आल्यासारखं केलं.

पिंपळाखाली पोचलो तर ढीग सकाळपेक्षा मोठा. आमचा फोटो ठेवलेल्या जागेवर नव्हता. चाळीसेक फोटो होते, त्यातले निम्मे पालथे, आणि पाठीमागून सगळे देव सारखेच, तपकिरी पुठ्ठा आणि चार खिळे. उलटून बघितले तर शंकर-पार्वतीच बरेच निघाले, सगळे सारखेच फिके, आणि बहुतेकांच्या काचाही तडकलेल्या. आपला कोणता, हे इतकी वर्षं एका छपराखाली राहूनही मला सांगता येईना. शेवटी डिकीतला पेचकस काढला आणि एकेका फोटोचा पुठ्ठा उघडायला लागलो.

पाचव्या फोटोवर सावली पडली. काठी टेकत एक म्हातारे उभे होते.

“काऊन जी, देवाचे फोटू कायले फोडून राहिले?”

“दाखला शोधतोय.”

“कोणाचा?”

“आजोबांचा.”

“ते इथं राहत होते का?”

मी घाईघाईने समजावलं, आणि घाईत माणूस नेहमीच खोटं बोलल्यासारखा वाटतो. हळूहळू माणसं जमली. “काच निकाल के बेचता होगा,” कुणी तरी मागून म्हणालं. एकाने मोबाईल वर धरला. गर्दीतून एक ओळखीचा आवाज आला, “सर, तुमी?” माझा जुना विद्यार्थी होता. त्याला मी नापास केलं होतं, हे त्या क्षणी आम्हा दोघांनाही आठवलं.

मी खाली मान घालून उघडत राहिलो. सात. आठ. एकाच्या मागे लग्नपत्रिका निघाली, एकाच्या मागे जुनं रेशनकार्ड. अकरावा उघडला, त्यातही दाखला नव्हता. आता उद्या कचेरीत प्राचीबरोबर जाऊन काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो होतो, आणि एकही जुळत नव्हतं.

तेवढ्यात प्राचीने हाक मारली. मी देव उघडत बसलो होतो तेव्हा तिने साधं काम केलं होतं. बाजूला बेल-नारळ विकणाऱ्या बाईला विचारलं होतं.

“आज सकाळचा, तडकल्या काचेचा? तो माह्याजवळ आहे,” बाई म्हणाली. तिच्या टपरीत वरच्या अंगाला आमचा फोटो टांगलेला होता. पुसलेला, हळदकुंकू लावलेला, गळ्यात झेंडूचा हार. इतका चांगला तो आमच्या घरी कधीच दिसला नव्हता.

मी हात पुढे केला. बाईने तो मधेच अडवला.

“आता कोणाले देत नाही जी. घरून तुमीच काढला ना?”

“मावशी, फोटो नको,” प्राची म्हणाली. “तो तुमचाच. फक्त मागचा पुठ्ठा उघडू द्या. माझं कॉलेज आहे त्यात.”

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पेचकसाकडे पाहिलं.

“तू उघड बाई. याईले हात लावू देऊ नको.”

मी हात मागे बांधून उभा राहिलो. प्राचीने एकेक खिळा वाकवला. पुठ्ठा सरकला आणि प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला कागद खाली पडला. तिने उघडून पणजोबांचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि तिथेच पायरीवर बसली. मीही बसलो. बाईने न विचारता दोघांना पाणी दिलं. आधी प्राचीला.

निघताना काठीवाल्या म्हाताऱ्यांनी स्कूटर अडवली.

“अन् हे? उघडे देव असेच टाकून जाता का जी? फोडले तुमी, आता तुमचेच.”

सगळ्यांना ते पटलं. माझ्या विद्यार्थ्याने तर दोरी आणून स्वतःच्या हाताने बांधून दिले.

सोमवारी दाखला बघून साहेबांनी मान हलवली आणि काम झालं. पण एक देव घराबाहेर ठेवायला गेलेला मी अकरा देव घेऊन परत आलो होतो. ते आता आईच्या खोलीत ओळीने टांगले आहेत, आणि त्यांची रोजची पूजा आईने माझ्याकडे दिली आहे. शेजारचे विचारतात, सर एवढे धार्मिक कधीपासून झाले?

मी सांगतो, पेचकस हातात घेतल्यापासून.