कानातलं काढ, दाते आलेत

"कानातलं काढ."

कॉलेजच्या ऑफिसातल्या बाई मला म्हणाल्या. नाशिकबाहेरचं खासगी इंजिनिअरिंग कॉलेज. हॉलमध्ये पडद्यामागे आम्ही रांगेत उभे. माझ्या कानात डाळीएवढी सोन्याची फुलं. बारावी पास झाले म्हणून आईनं केलेली.

"का, मॅडम?"

"फोटो छापून येतात गं. गरज दिसायला नको?"

मी काढली. मुठीत धरली. फुलांची फिरकी तळव्यात रुतत होती.

कार्यक्रमाचं नाव कृतज्ञता सोहळा. फीसवलतवाल्या मुलांनी एकेक करून स्टेजवर जायचं. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब सोफ्यावर पाय जुळवून बसलेले. त्या पायांवर डोकं टेकायचं आणि मग माइकवर आपली गरिबी सांगायची. रडू आलं तर उत्तम. एका पोरानं बाप वारल्याचं सांगितलं. बाप त्या वेळी सातपूरला कंपनीत फर्स्ट शिफ्टला होता. पोराला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. दादासाहेबांनी रुमाल काढला. डोळे कोरडे होते, तरी पुसले.

माझी वाक्यं बाईंनी पाठ करून घेतलेली. "माझी आई मोलमजुरी करते. दादासाहेब नसते तर मी शिकले नसते."

आई चौथ्या रांगेत होती. परतताना बसमध्ये म्हणाली, "मोलमजुरी? जमीन आपली हाय ना गं? का रातीत इकली तू?"

दादासाहेबांच्या गळ्यातला हारही आमचाच. मखमलाबादच्या आमच्या शेवंतीचा. ऑफिसनं फर्मावलेला. "तुमच्याकडे काय, फुलं फुकटच असतात." फुकट. अंधारात वाकून खुडलेली, दवानं बोटं सुन्न झालेली, ती फुलं फुकट. दादासाहेब नुसते सोफ्यावर बसले, तो मात्र त्याग.

चूक आमचीही होती. अर्ज कॉलेजच्या खिडकीत द्यायचा, म्हणून सवलत कॉलेजच देतं, असं सगळ्या पालकांनी धरलेलं. जो दाराशी उभा, तोच मालक. आमच्या लोकांना ही सवय जुनी.

माझा मामा सातपूरला कामगार. युनियनची उरलेली पत्रकं गठ्ठ्यानं आणायचा, आई त्यांत फुलांचे पुडे बांधायची. त्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. पुढच्या वर्षी पुन्हा हाराची ऑर्डर आली, तेव्हा मामानं विचारलं, "त्या दादासाहेबाच्या खिशातून काय गेलं, ते कुणी इचारलं का?"

कुणीच नाही. मी समाजकल्याणच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "ओबीसीची अर्धी फी शासन भरतं. उरलेली तुम्ही भरता. संस्थेचा काय संबंध?"

एवढंच. एवढ्यासाठी मी त्या पायांवर डोकं टेकलं होतं.

दुसऱ्या सोहळ्याला मी कानातलं घालून गेले. बाई दातओठ खात राहिल्या. स्टेजवर मी वाकले नाही. माइक धरला.

"माझी अर्धी फी सरकार भरतं. अर्धी माझी आई फुलं विकून भरते. दादासाहेब काही भरत नाहीत. हा हारसुद्धा आमचा आहे."

टाळी नाही. माइक बंद केला गेला. मी हार ताटातून उचलला आणि खाली उतरले. मागून एक प्राध्यापक म्हणाले, "संस्कार नाहीत." त्यांचे संस्कार मी पाहत होते. दादासाहेब उठायच्या आत ते उभे राहत.

आईनं हार हातात घेऊन निरखला. "तोडला नाय, बरं केलं. फुलांचा काय दोष?" संध्याकाळी तिनं तो देवळापुढे विकला. रोख.

मग सूड. परीक्षा तोंडावर, माझं हॉलतिकीट अडलं. बाई म्हणाल्या, "तुझा सवलतीचा अर्ज पुढे गेलेला नाही. पूर्ण फी भर. नाहीतर दादासाहेबांची माफी माग."

पूर्ण फी म्हणजे आमचा मळा. वर्ष गेलं असतं, कदाचित शिक्षणच.

"लिहून द्या," मी म्हणाले.

"काय?"

"माफी मागितली नाही म्हणून अर्ज अडवला. एवढंच लिहा. शिक्का मारा. समाजकल्याणला नेऊन देते."

बाई आत गेल्या. आतून दादासाहेबांचा आवाज आला, "माजलेत." मी खिडकीशी उभीच राहिले. मागे रांग वाढत गेली. कुणी हटलं नाही. शेवटी हॉलतिकीट खिडकीतून माझ्यापुढे भिरकावलं गेलं. खाली पडलं. तेही मी वाकून उचललं नाही. "हातात द्या," म्हटलं. बाहेर येऊन बाईंना ते द्यावं लागलं.

त्या साली माझ्यानंतरची सगळी मुलं पाया पडली होती. मला त्यांचा राग नाही. माझी किळस त्या पायांसाठी राखून ठेवलेली आहे. सरकारचा पैसा, आईची फुलं, पोरांचे अश्रू. आणि दानशूर कोण, तर सोफ्यावर बसलेला.

सोहळा अजून होतो. म्हणून मीही प्रवेशाच्या दिवसांत त्या गेटवर उभी असते. हातात पत्रकं. तुमची फी कोण भरतं, अर्ज अडवला तर काय लिहून मागायचं, सगळं त्यात छापलेलं. वॉचमन हाकलतो. मी रस्ता ओलांडून समोर उभी राहते.

कानातलं घालून.